विश्लेषण : भंडाऱ्याचे पितळ पडद्यावर प्लॅस्टिक का दिसते?

२०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातील १५ हजार माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांमध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने याच क्षेत्रासाठीच्या धोरणाला मंजुरी दिली होती. अशी प्रयोगशाळा भंडारा जिल्ह्यातील एखाद्या शाळेत आली, तर मुले आधी काय करून पाहतील? बहुधा घरातलीच एखादी वस्तू : पितळेचा तांब्या, आजीची कोशाची साडी, धानाचे बांध. आकार काही दिवसांत जमतो. रंग मात्र जमत नाही आणि का जमत नाही हे सांगणारे कोणी नसते. संगणकीय ॲनिमेशनमध्ये ‘खरा रंग’ म्हणजे नेमके काय, तो कुठे हरवतो आणि तो सांभाळायला काय लागते, याविषयी…

घोषणा नेमकी काय आहे?

ॲनिमेशन ते कॉमिक्स या चार शाखांना एकत्रितपणे ‘एव्हीजीसी’ म्हटले जाते. २०३० पर्यंत या क्षेत्राला २० लाख मनुष्यबळ लागेल, असा अंदाज अर्थसंकल्पीय भाषणात मांडण्यात आला. प्रयोगशाळा उभारण्याची जबाबदारी मुंबईतील ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ या संस्थेवर आहे. राज्याच्या धोरणाचा आराखडा २०५० पर्यंतचा आणि ३,२६८ कोटी रुपयांचा असून दोन लाख रोजगारांचे उद्दिष्ट त्यात आहे.

या क्षेत्रातले बरेचसे काम बाहेरून येते. चित्रपट किंवा मालिका एका देशात ठरते, तिच्यातील दृश्ये दुसऱ्या देशात तयार होतात. अशा कामात दृश्य ‘छान दिसते’ एवढ्याने भागत नाही. आधीच्या आणि नंतरच्या दृश्याशी, चित्रित केलेल्या छायाचित्रणाशी त्याचा रंग जुळावा लागतो. नाही जुळला तर दृश्य परत येते. भंडारा-तुमसरहून नागपूर वा पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाच्या बाबतीत ‘हात चांगला आहे, पण रंग कच्चा’ हा शेरा त्याची उमेदवारी संपवू शकतो. त्यामुळे रंगाचा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही, नोकरीचा होतो.

पितळेचे प्लॅस्टिक कसे होते?

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी भंडाऱ्याची जुनी ओळख आहे. स्टील आणि ॲल्युमिनियम आल्यावर तो व्यवसाय आक्रसला, तरी घराघरांत घागर, गुंड, तांब्या अजून आहेत. संगणकावर पितळ दाखवायचे म्हटले की नवखा कलाकार पिवळा रंग निवडतो, वर थोडी चकाकी टाकतो. समोर येते पिवळी प्लॅस्टिकची बादली.

कारण चकाकीत आहे. प्लॅस्टिक, लाकूड, रंगवलेली भिंत यांसारख्या पृष्ठभागावर थेट पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्के प्रकाश वरच्या वर परततो, तोही रंग न बदलता. म्हणून निळ्या बादलीवरचा ट्यूबलाइटचा डाग पांढराच दिसतो. धातूचे उलटे असते. त्याला अंगचा असा वेगळा रंग नसतो. परतणारा प्रकाशच रंगून येतो. पितळ लाल प्रकाशातला सुमारे ९१ टक्के, हिरव्यातला ७८ टक्के आणि निळ्यातला जेमतेम ४२ टक्के भाग परत पाठवते. निळा गिळला जातो, म्हणून उरलेला प्रकाश सोनेरी होतो. म्हणजे पितळेवरचा चमकता डागही सोनेरीच असायला हवा. तो पांढरा ठेवला की डोळा क्षणात ओळखतो, हे पितळ नव्हे.

यात एक गंमत आहे. वरचे तीन आकडे संगणकात भरून सपाट चौकोन पाहिला, तर तो दिसतो फिकट, जवळपास दुधाच्या सायीसारखा. विद्यार्थ्याला वाटते, आकडा चुकला. मग तो रंग गडद करत जातो आणि पितळ बिघडते. प्रत्यक्षात गडदपणा येतो तो घागरीच्या आतून. आत शिरलेला प्रकाश एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटतो आणि प्रत्येक वेळी निळ्याचा मोठा हिस्सा गमावतो. तीनदा आपटल्यावर निळा साडेसात टक्क्यांच्या आसपास उरतो, लाल मात्र ७५ टक्के शिल्लक असतो. घासलेली घागर बाहेरून फिकट आणि गळ्याच्या आत गर्द केशरी-सोनेरी दिसते ती यामुळेच. प्रकाशाने किती वेळा आपटायचे ही संख्या रेंडर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येते. वेळ वाचावा म्हणून ती एक-दोनवर आणली, की घागरीचा गळा काळवंडतो.

शिवाय धातू भोवतालचे जग दाखवतो. भोवती काहीच नसलेल्या रिकाम्या काळ्या दृश्यात जगातले उत्तम पितळही मेलेलेच दिसणार. म्हणून व्यावसायिक कलाकार प्रत्यक्ष जागेची चहूबाजूंनी छायाचित्रे घेतात आणि त्यांतून प्रकाशाचे मोजमाप संगणकात आणतात. स्वयंपाकघरातली खिडकी, चुलीचा जाळ, शेणाने सारवलेली जमीन हे सारे तांब्यात उतरले, तर तो तांब्या त्या घरातला वाटतो.

संगणकाचे ‘अर्धे’ म्हणजे किती?

रंग चुकण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी शिकवले जाणारे कारण हे आहे. आपल्या संगणकावर, फोनवर प्रत्येक रंगाची पातळी ० ते २५५ अशी साठवली जाते. मधला आकडा १२८. साहजिकच तो निम्मा प्रकाश असेल असे वाटते. प्रत्यक्षात पडद्यावर १२८ म्हणजे पूर्ण उजेडाच्या सुमारे २२ टक्केच प्रकाश असतो. माणसाचा डोळा अंधारातले बारीक फरक जास्त टिपतो, उजेडातले कमी. म्हणून उपलब्ध आकड्यांपैकी बरेचसे गडद भागासाठी राखून ठेवलेले असतात. १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मांडलेली आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेली ‘एसआरजीबी’ पद्धत अशीच चालते. मोबाइलवरची बहुतेक छायाचित्रे आजही याच पद्धतीची.

प्रकाशाचे गणित मात्र सरळ असते. एका दिव्याशेजारी तसाच दुसरा लावला तर प्रकाश दुप्पट होतो. रेंडर करताना हे गणित खऱ्या प्रकाशावर व्हायला हवे, साठवणुकीच्या आकड्यांवर नव्हे. छायाचित्रातून घेतलेला पोत आधी सरळ आकड्यांत आणायचा, त्यावर प्रकाशाची बेरीज-वजाबाकी करायची आणि शेवटी पडद्यासाठी पुन्हा वळवायचा, असा हा क्रम. यातली पहिली पायरी वगळली, तर २२ टक्के परावर्तन असलेली वस्तू संगणक ५० टक्क्यांची समजतो. मातीची भिंत चुन्याच्या भिंतीसारखी उजळते, रंग धुवून निघाल्यासारखे फिके पडतात. मग विद्यार्थी दिवे मंद करतो, सावल्या काळ्या करतो, कडा रंगवतो. एक चूक झाकायला दहा चुका.

याची उलटी चूकही होते. खडबडीतपणा किंवा पृष्ठभागाचे उंचसखलपण सांगणाऱ्या प्रतिमा दिसायला चित्रासारख्या असल्या तरी तो रंग नसतो, ती नोंदवही असते. त्यांना रंग समजून वळवले, की भांड्याचा गुळगुळीतपणा बिघडतो. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘नॉन-कलर’ असा साधा पर्याय आहे. तो का निवडायचा हे न सांगता नुसते ‘इथे क्लिक करा’ सांगणाऱ्या व्हिडीओंची कमतरता नाही.

कोशाच्या साडीची अडचण वेगळी का?

मोहाडी, आंधळगाव, पवनी या भागांत कोशाचे विणकाम चालत आले आहे. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली विदर्भाची करवतकाठी साडी भौगोलिक मानांकन मिळालेली. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशापासून हे रेशीम निघते. त्याचा मूळ रंगच मध आणि बदाम यांच्या मधला. धागा गोल नसतो, चपटा असतो. त्यामुळे साडी हलली की एका बाजूने उजळते, दुसऱ्या बाजूने दबते. हा रंग एका चौकोनात दाखवणे शक्यच नाही, कारण तो पाहणाऱ्याच्या कोनाबरोबर बदलतो. उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगाचा असेल तर आणखीच. संगणकावर त्यासाठी प्रकाश कोणत्या दिशेला जास्त परततो हे धाग्यागणिक सांगावे लागते. नुसते कापडाचे छायाचित्र चिकटवून चालत नाही.

दुसरी अडचण साड्यांच्या दुकानातल्या प्रत्येक ग्राहकाला ठाऊक आहे. साडी आणि ब्लाऊजपीस ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळतात, दुकानाच्या पायरीवर नेऊन पाहिले की फटकून दिसतात. म्हणून तर जुने दुकानदार स्वतःच ‘बाहेर उजेडात बघा’ म्हणतात. दोन रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात, कारण डोळा साऱ्या प्रकाशाला अवघ्या तीन संवेदनांत बसवतो. नेहमीची रेंडर सॉफ्टवेअरही रंग लाल, हिरवा, निळा अशा तीनच आकड्यांत धरतात. त्यामुळे पायरीवरचा हा फरक त्यांना दाखवता येत नाही. न्यूझीलंडच्या वेटा स्टुडिओने ‘मनुका’ हे सॉफ्टवेअर उभारले ते प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार हिशेब करणारे. शाळेतल्या संगणकाला एवढे झेपणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण तीन आकड्यांची मर्यादा माहीत असली, तर विद्यार्थी साडीचा नमुना कोणत्या प्रकाशात टिपायचा हे तरी ठरवू शकतो.

विणकरासाठी हा निव्वळ पुस्तकी मुद्दा नाही. साडी प्रत्यक्ष नेसवून छायाचित्र काढण्याऐवजी संगणकावर नेसवून दाखवणे आता शक्य झाले आहे. विक्रेत्याच्या दृष्टीने ते स्वस्त. मात्र बदामी कोसा पडद्यावर पिवळाधमक दिसला आणि पार्सल उघडल्यावर ‘मळकट’ वाटला, तर साडी परत येते. फटका बसतो तो महिनाभर मागावर बसलेल्याला. रंगांतला फरक मोजण्यासाठी ‘डेल्टा ई’ हे माप वापरतात. हा आकडा एकच्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्याला जेमतेम फरक जाणवतो; दोन-तीनपर्यंत तो सहसा चालवून घेतला जातो. बदामी आणि पिवळाधमक यांतले अंतर त्याच्या कितीतरी पलीकडचे.

धान इतके हिरवे नसते का?

नसते. तलावांच्या आणि धानाच्या या जिल्ह्यात श्रावणातले शेत डोळ्यांना हिरवेगार दिसते, म्हणून पडद्यावरही शुद्ध हिरवा ओतला जातो. परिणाम कॅरम बोर्डाखाली अंथरायच्या कापडासारखा. निरोगी पान हिरव्या प्रकाशातला साधारण १० ते १५ टक्के भागच परत पाठवते; लाल आणि निळा पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पान मुळात बरेच गडद असते. हिरवेपणा उठून दिसतो तो दुसऱ्याच कारणाने : पान पातळ असते, सूर्य पलीकडे असला की प्रकाश त्यातून गाळून येतो आणि तो पिवळसर हिरवा असतो. सकाळी पूर्वेकडे तोंड करून पाहिलेले शेत आणि पाठीमागे सूर्य ठेवून पाहिलेले शेत यांचे रंग म्हणूनच वेगळे. पानातून प्रकाश जाऊ दिला नाही, तर हिरव्याची कुठलीही छटा निवडली तरी शेत रंगवलेल्या पत्र्याचेच राहते.

निसर्गातल्या वस्तूंची ही पट्टी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोळसा चार टक्के प्रकाश परत करतो, ताजा बर्फ ८० ते ९० टक्के. बहुतेक साऱ्या गोष्टी या दोहोंच्या मध्ये. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले काळे मँगनीजही शून्य नसते आणि कांडलेला तांदूळही शंभर नसतो. शून्य आणि शंभर वापरणाऱ्याचे दृश्य उन्हात खोटे आणि सावलीत त्याहून खोटे दिसते.

ज्योत पिवळी सपाट का होते?

घागरीशेजारी दिवा ठेवला की पुढचा पेच. ज्योत घागरीपेक्षा शेकडो पटींनी तेजस्वी असू शकते, पडद्याची क्षमता मात्र ठरलेली. मर्यादेवरचे सारे सरळ कापून टाकले, तर आधी लाल २५५ ला अडकतो, मागून हिरवा येऊन अडकतो; दोघे समान झाले की नारिंगी ज्योत लिंबासारखी पिवळी आणि सपाट होते. चूक रंगाच्या निवडीत नाही, कापण्यात आहे. कॅमेऱ्याची फिल्म असे कापत नसे. अतितेजस्वी भाग ती हळूहळू पांढऱ्याकडे नेत असे. संगणकावर हेच साधण्यासाठी ब्लेंडरमध्ये २०१७ मध्ये ‘फिल्मिक’ आणि २०२३ मध्ये ४.० आवृत्तीसोबत ‘एजीएक्स’ हा पर्याय आला. मोठ्या चित्रपटांत अनेक स्टुडिओंना एकच भाषा बोलता यावी म्हणून ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ‘एसेस’ ही रंगव्यवस्था तयार केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २०१४ च्या अखेरीस आली. रंगांची ही रूपांतरे सांभाळणारे ‘ओपनकलरआयओ’ सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सने २०१० मध्ये सर्वांसाठी खुले केले. यातले काहीही विकत घ्यावे लागत नाही. मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्येच तयार झाला होता. सॉफ्टवेअर परवडत नाही, ही सबब त्यामुळे उरत नाही.

ही अडचण नवी आहे का?

मराठी चित्रपटाने ती नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी अनुभवली आहे. व्ही. शांताराम यांनी प्रभातचा ‘सैरंध्री’ रंगीत करायचे ठरवले आणि त्याच्या प्रक्रियेसाठी थेट जर्मनी गाठली. १९३३ मध्ये आलेल्या या चित्रपटाची द्विरंगी पद्धत सारे रंग पेलणारी नव्हती. कोल्हापुरात जसे डोळ्यांना दिसले तसे पडद्यावर उतरले नाही, रंगाचा प्रयोग फसला. चित्रीकरण एका ठिकाणी, प्रक्रिया दुसऱ्या, प्रक्षेपण तिसऱ्या ठिकाणी आणि तिन्हींना जोडणारे माप नाही, ही तेव्हाची अवस्था. भंडाऱ्यातल्या लॅपटॉपवर रंगवलेले, मुंबईत तपासलेले आणि कुठल्या तरी फोनवर पाहिले जाणारे दृश्य आज त्याच वाटेने जाते. फरक इतकाच की आता मापे उपलब्ध आहेत.

झाडीपट्टीच्या रंगमंचावर काम करणाऱ्यांना यातले बरेच काही न शिकता कळते, हेही नोंदवायला हवे. रंगीत जिलेटिनच्या झोतात कोणता शालू काळा पडेल, चेहऱ्यावर किती रंग चढवावा लागेल, हे ते प्रयोगाआधी ताडतात. अशी जाण असलेली मुले याच चार जिल्ह्यांत आहेत.

मग प्रयोगशाळेत काय हवे?

निविदांमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मेमरी यांचे रकाने असतात. पडद्याच्या रंगाचा रकाना क्वचित असतो. स्वस्त पडदे अनेकदा एसआरजीबीतले सारे रंग दाखवू शकत नाहीत आणि कारखान्यातून निळसर छटेवर येतात, कारण दुकानात तसे पडदे जास्त ‘पांढरे’ वाटतात. अशा पडद्यावर शिकणारा मुलगा निळसरपणा भरून काढायला नकळत प्रत्येक दृश्य पिवळे करतो. त्याच्या वर्गात ते बरोबर दिसते, बाहेर गेले की कावीळ झालेले. सगळे पडदे महागडे असण्याची गरज नाही. एक बरा पडदा आणि पडद्यावर टेकवून रंग मोजणारे कलरीमीटर हे छोटे उपकरण असले, की उरलेले त्याच्या आधाराने बरेचसे सारखे करता येतात. पांढऱ्याचे प्रमाण म्हणून ‘डी ६५’ हा दिवसाच्या उजेडाशी मिळताजुळता प्रकाश धरला जातो. आणि हे काम एकदाच करून भागत नाही, कारण पडदे वयाबरोबर बदलतात.

खोलीचाही हिशेब आहे. शाळांच्या भिंतींना आवडीने दिला जाणारा गुलाबी किंवा आकाशी रंग डोळ्याची पारख फसवतो. गुलाबीसमोर तासभर बसल्यावर करडाही हिरवट वाटू लागतो. पडद्यामागची एक भिंत करडी रंगवणे आणि पडद्यावर थेट ऊन येणारी खिडकी झाकणे यांना फार खर्च येत नाही. सोबत १८ टक्के परावर्तनाचे करडे कार्ड आणि १९७६ पासून वापरात असलेला २४ रंगचौकोनांचा तक्ता हवा. भांड्याचे वा साडीचे छायाचित्र घेताना तो तक्ता चौकटीत ठेवला, की नंतर कोणत्याही संगणकावर मूळ रंगाकडे परतता येते.

फोनचे काय, हा प्रश्न उरतोच. अनेक फोनवर रंग मुद्दाम भडक करणारा ‘व्हिव्हिड’ प्रकार आधीपासून सुरू असतो, तर रात्रीचा मोड निळा काढून घेतो. हा मजकूर वाचतानाही तो सुरू असू शकतो. दोन भावांच्या दोन फोनवर एकच साडी दोन रंगांची दिसणार, हे कलाकाराच्या हाताबाहेरचे. म्हणूनच तयार काम दोन-तीन साध्या फोनवर, उन्हात आणि रात्री पाहून घेण्याची पद्धत व्यवसायात आहे. पण आधी मूळ फाइल मापात असावी लागते. ती मापात असेल तर भडक फोन तिला थोडे भडक दाखवतो, इतकेच. मूळच चुकलेले असेल, तर कोणत्याच फोनवर तो तांब्या पितळेचा होत नाही.